दोनशे चाळीसवरचं पातं

९ फेब्रुवारी

मामा,

पार्सल पोचलं. मामीने विणलेले मोजे पायात आहेत आणि तुझी पोलादी मोजपट्टी एप्रनच्या खिशात. इथे सगळ्यांकडे आकडे दाखवणारी झकपक मापं आहेत, पण चाळीस वर्षं पॅटर्न मेकर असलेल्या, ओतकामाच्या वाळूच्या साच्यांसाठी लाकडी नमुने कोरणाऱ्या माणसाच्या अंगठ्याने झिजलेली पट्टी या अख्ख्या इमारतीत दुसऱ्या कुणाकडे नाही. खिशात हात घातला की उगाच धीर येतो.

मामी म्हणते फोन कर. पण फाउंड्रीने तुझे कान खाल्लेत. मी घसा फोडून सांगायचं आणि तू पलीकडून "हो हो, जेवलो" म्हणायचं, त्यापेक्षा पत्र बरं. फोटोही पाठवता येत नाहीत. दारातच फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. दुसऱ्या संघांना आमच्या गाडीचं शेपूट कसं दिसतं हे कळता कामा नये म्हणून. तेव्हा शब्दांवर भागव, आणि हे पत्र शेजाऱ्यांना वाचून दाखवू नकोस.

मी काय करते ते आज नीट सांगते. आम्ही शर्यतीच्या गाडीचं मॉडेल बनवतो. खऱ्या गाडीत जिथे शंभर, तिथे मॉडेलमध्ये साठ. हे मॉडेल एका बोगद्यात वरून दांड्याला टांगतात. खाली रबराचा रुंद पट्टा असतो. समोरून सेकंदाला पन्नास मीटर वारा सोडतात आणि तेवढ्याच वेगाने पट्टा मागे पळतो. चाकं गरगरतात. मॉडेल जागच्या जागी असतं, पण त्याच्या लेखी ते रस्त्यावर सुसाट सुटलेलं असतं. पंखा दोन मजली आहे. तो सांभाळणाऱ्या गृहस्थांना आम्ही पंखेवाले म्हणतो. बावीस वर्षं इथेच आहेत. आवाजावरून सांगतात, आज हवा जड आहे.

आणि वारा काय काय करतो, मामा! या गाडीच्या अंगावर एकही रेघ शोभेसाठी नाही. पुढे नाकाशी आडवा पंख असतो, त्याच्या टोकाला बोटभर वळण आहे, ते पुढच्या चाकामागची घुसळलेली हवा बाहेर ढकलण्यासाठी. मागच्या पंखाच्या काठाला नखाएवढी उभी पट्टी आहे, तिच्याने दाब वाढतो. गाडीचं पोट खालून असं कोरलंय की तिथून हवा जोरात पळते आणि गाडीला जमिनीकडे ओढून धरते. भर वेगात ही ओढ गाडीच्या वजनाहून जास्त होते. हिशेबाने पाहिलं तर ती छताला उलटी चिकटूनही धावेल म्हणतात. अजून कुणी करून पाहिलेलं नाही, बरं का.

पहिल्या दिवशी वारा सुरू झाला तेव्हा मी काचेपलीकडे उभी होते. काहीच दिसत नव्हतं. मॉडेल स्थिर, हवा पारदर्शक. आणि पडद्यावर आकडे चढत होते. माझ्या अंगावर काटा आला.

जूनअखेरपर्यंत मी उमेदवार आहे. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, होकार दिला तर मॉडेल-शॉपमध्ये कायम, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मला इथून जायचं नाही मामा. आजवर कुठलीच गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती.

तुझी
भुसाबाई


१८ फेब्रुवारी

भुसाबाईस बहिऱ्या मामाकडून,

पत्र मिळालं. लहानपणी माझ्या रंध्याखाली बसून केसांत भुसा भरून घ्यायचीस, तेव्हा वाटलं नव्हतं की ही पुढे वाऱ्याला वळण लावायला जाईल.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यावरून गेली. आमच्या धंद्यात उस्ताद सांगायचे, जे काढून टाकता येतं ते काढून टाक. साधं पोट असेल तर वाळूतून पॅटर्न सुखाने निघतो. तुमच्या गाडीला मात्र मिशा काय, कान काय, गालाला पाती काय! मला वाटलं, पगार घेतात म्हणून काहीतरी चिकटवत बसत असतील. नखाएवढं पातं एवढ्या मोठ्या गाडीचं काय वाकडं करणार?

म्हणून मी तपासून पाहिलं. फळीवर अंगठ्याएवढं पातं उभं ठोकलं, किंचित तिरकं, आणि फळी घरामागच्या पाटात बुडवली. वरून मूठभर भुसा सोडला. भुसाबाई, तो भुसा पात्यापर्यंत सरळ आला आणि पात्याच्या टोकावरून निघाला तो पीळ घेऊनच. सुंभ वळावा तसा. मला वाटलं होतं चार बोटांवर विरून जाईल. चांगला दोन हात लांबवर तो पीळ तसाच राहिला. मी पातं जरा फिरवलं तर अख्खा पीळ बाजूला सरकला. एवढंसं पातं, आणि पार तिकडचं पाणी त्याचं ऐकत होतं!

मी दोन तास तिथून उठलो नाही. तुमच्या लोकांची माफी मागतो. पगार वाढवा त्यांचा.

तू कायम होणारच. तुझा हात मी घडवलाय.

मामा

ता. क. पाणी नाकाला लागेपर्यंत वाकून बसले होते. मी हाका मारून दमले. विचारलं, एवढं वाकायचं काय कारण, तर म्हणतात बारीक काम आहे. — मामी


६ मार्च

मामा,

तुझं पत्र मी पंखेवाल्यांना वाचून दाखवलं (हो, मी दाखवू शकते, तू नाही). ते म्हणाले, तुझ्या मामाने फळी आणि भुशावर जे पाहिलं ते पाहायला आम्ही केवढा खर्च करतो. तुझा पीळ म्हणजे आमचा भोवरा. या गाड्यांचं निम्मं रहस्य तेच आहे. पातं हवा अडवत नाही, तिला पीळ देतं, आणि तो पीळ पुढे जाऊन काम करतो. आपल्याला जिथे भिंत बांधायची परवानगी नाही तिथे हवेचीच भिंत बांधायची!

आता बातमी ऐक. बसून वाच.

गाडीच्या तळाची बाहेरची कड हे आमचं दुखणं. पोटाखाली ओढ तयार होते, पण कडेखालून बाहेरची हवा आत घुसते आणि ओढ पातळ करते. तिथे पडदा लावायला नियमात बंदी. म्हणून बाईंच्या मनात होतं की कडेवर एक छोटं पातं बसवावं. त्याचा भोवरा कडेच्या बाजूबाजूने धावेल आणि पडद्याचं काम करेल. पातं कुठे बसवायचं यावर तीन आठवडे खल चालला. काल सहा जागा तपासल्या. सहाही फुसक्या निघाल्या.

बोगद्याचे तास प्रत्येक संघाला मोजून मिळतात. आमचे संपायला पंधरा मिनिटं उरली होती. बाई म्हणाल्या, "जाऊ दे, तळाच्या पुढच्या कोपऱ्यापासून दोनशे चाळीस मिलिमीटरवर लावून बघ, पटकन." एरवी बसवलेला प्रत्येक तुकडा मशीनवर तपासतात, पण तेवढा वेळ कुठला? मी धावले. मोठं माप टेबलावर राहिलेलं, म्हणून तुझी पट्टी काढली, कोपऱ्याला टेकवली, दोनशे चाळीसवर सुईने खूण केली, पातं चिकटवलं आणि बाहेर पळाले. कागदावर लिहिलं, २४०.

पंखा चढला. पडद्यावरचा आकडा हलला. थांबला. परत हलला. मग जो चढला, मामा! पंखेवाल्यांनी वेग कमी करून पुन्हा चढवला, आकडा तोच. बाई कधी कुणाला शाब्बास म्हणत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. बस, एवढंच.

मग आम्ही मॉडेलवर पातळ तेलात कालवलेली हिरवी पूड मारली आणि शेवटची तीन मिनिटं वारा दिला. तेल वाऱ्यासोबत वाहतं आणि त्याचा माग राहतो. आत जाऊन पाहिलं तर कडेच्या सगळ्या रेघा जवळजवळ येऊन पात्यामागे एकच रेघ झाली होती. ती वळण घेत पार मागच्या चाकापर्यंत गेली होती, कुठेही न तुटता. कुणी काढली ती? मी फक्त नखाएवढा तुकडा चिकटवला होता. मी गुडघ्यांवर बसून बघत राहिले, कुणीतरी उठवेपर्यंत.

तीन आठवड्यांत हे पातं खऱ्या गाडीवर जाणार. इथे दोनशे चाळीस, म्हणजे तिथे बरोबर चारशे. दुपारी बाई जवळून जाताना म्हणाल्या, "हात स्वच्छ आहे तुझा." मी अजून जमिनीवर नाही.

भुसाबाई


१५ मार्च

भुसाबाईस,

अक्षर मामीचं, शब्द माझे. हाताला जरा लचक भरली आहे. (हाताला काहीही झालेलं नाही. — मामी)

तुझं पत्र मामीने ओरडून वाचून दाखवलं. अर्धं ऐकू आलं, त्यातच पोट भरलं. पातं लागलं, आकडा चढला, बाईंनी चष्मा पुसला. "हात स्वच्छ आहे" हे मी दोनदा वाचून घेतलं. माझे उस्ताद मला तेवढं म्हणाले होते ते बाराव्या वर्षी.

आम्ही आठ-दहा दिवस शहरात जातोय, किरकोळ कामासाठी. काळजी करू नकोस.

मामा


११ एप्रिल

मामा,

किरकोळ काम झालं का? मामी काही सांगत नाही. म्हणजे काहीतरी आहे.

इकडे दिवस वाईट आहेत. पातं गाडीवर चढलं, तेव्हा मलाही मैदानावर नेलं होतं. चालकाने पाच फेऱ्या मारल्या आणि परत येऊन हेल्मेट न काढताच सांगितलं, वेगाच्या वळणात गाडीचं मागचं अंग सुटतं. आधी जी गाडी त्याला नीट कळत होती, ती आता कधी दगा देईल सांगता येत नाही. आकडेही तेच सांगतात. बोगद्यात जो फायदा दिसला, तो रस्त्यावर नाही. उलट तोटा आहे. चालकाने मला ओळखलं. म्हणाला, "पातं तूच लावलंस ना? सुंदर दिसतं." त्याने मनापासूनच म्हटलं असेल, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॉडेल आणि गाडी यांचं पटत नाही, याहून वाईट गोष्ट आमच्याकडे नाही. मग कशावरच विश्वास ठेवता येत नाही. दोन आठवडे सगळे शोधतायत. गाडीवरचं पातं मोजलं, चारशेवर आहे, केसभर फरक नाही. कागद तपासला, २४०. मॉडेलवरचं पातं त्याच संध्याकाळी काढलं होतं, मॉडेल दुसऱ्या कामाला लागलं. म्हणजे उरला बोगदा. वरचे लोक म्हणतात बोगदा म्हातारा झालाय, आणि बोगद्यासोबत पंखेवालेही. त्यांना पुढच्या महिनाअखेरीला निरोप देणार अशी कुजबुज आहे. काल ते पंख्याच्या पात्यांवरून एकटेच फडकं फिरवत होते. मला म्हणाले, "याने मला कधी खोटं सांगितलं नाही गं."

आणि एक सांगते, तुलाच सांगते. बोगद्यावर ठपका आल्याचं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मॉडेल-शॉपवर संशय नाही, म्हणजे माझं जूनचं काम सुरक्षित. मग दिवसभर स्वतःची लाज वाटत राहिली.

पण ती हिरवी रेघ मी पाहिली होती मामा. ती खोटी कशी असेल?

भुसाबाई


१९ एप्रिल

भुसाबाई,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. अक्षर सरळ आलंय ते बघ. हाताला लचक वगैरे नव्हती. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. वर्षभर लपवला. पॅटर्न मेकरला दिसत नाही हे कुणाला सांगायचं? गेल्या महिन्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. कालपासून वाचायची परवानगी मिळाली आणि मी तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून काढली.

६ मार्चचं पत्र वाचताना "तुझी पट्टी काढली" इथे आलो आणि ती ओळ पुन्हा वाचली. उठून खण उघडला. माझी साधी पट्टी खणातच आहे.

तुला ऐकून माहीत असेल, वितळलेलं पोलाद थंड होताना आकसतं, शंभराला दोन. म्हणून आम्ही लाकडी पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करतो. दर मापाला हिशेब नको म्हणून पट्टीच वाढवलेली मिळते. तिच्यावर लिहिलेले शंभर म्हणजे खरे एकशे दोन. तुला लहानपणी मी त्या पट्टीला हात लावू देत नव्हतो. टोकाला लाल रंग होता, तो केव्हाच झिजला, आणि छापही. पार्सल बांधताना मी अंगठ्याने चाचपून नेमकी तीच वाढवलेली पट्टी उचलली. डोळ्यांनी नाही.

तुझे दोनशे चाळीस म्हणजे खरे दोनशे पंचेचाळीसला केसभर कमी. तुमच्या हिशेबाने गाडीवर ते चारशे आठ होतात. पाटातली फळी मी आज पुन्हा लावली, यावेळी पात्यामागे चाकाच्या जागी एक खुंटी ठोकून. पातं दोन सुतं मागेपुढे केलं की पीळ त्या खुंटीवर आपटून फुटतो. तुमच्या गाडीत तेच होत असेल.

म्हणजे तुझी रेघ खरी होती. तुमचा पंखाही खराच. खोटा ठरला तो तुझा मामा. हे पत्र घेऊन सरळ बाईंकडे जा. सांग, एका आंधळ्या म्हाताऱ्याची चूक आहे. हवं तर मी येऊन सांगतो.

मामा


९ मे

भुसाबाईस,

वीस दिवस झाले. तुझं पत्र नाही. मामी माझ्याशी कामापुरतंच बोलते. दोन ओळी लिही, शिव्या असल्या तरी चालतील.

मामा


२८ मे

मामा,

शिव्या नाहीत. लिहिण्यासारखं पुरतं काही झालं नव्हतं, म्हणून थांबले होते.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी मॉडेल-शॉपच्या मागच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. मग ते दोन दिवस खिशात ठेवून हिंडले. खोटं कशाला सांगू? गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. पातं कचऱ्यात गेलं असतं, पंखेवाले घरी गेले असते, आणि जूनमध्ये मी कायम झाले असते. हे सगळं मी शांतपणे मोजून पाहिलं. दोन दिवस तेच केलं.

पण त्या रेघेनं मला झोपू दिलं नाही. ती खरी होती आणि ते फक्त आपल्या दोघांनाच माहीत होतं. जगातल्या कुठल्याही गाडीवर नसलेली गोष्ट, आणि मी तिच्यावर बसून राहायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या टेबलावर पट्टी ठेवली आणि सांगितलं. चूक आंधळ्या म्हाताऱ्याची आहे असं मात्र म्हटलं नाही. तू पट्टी दिलीस, पण ती न तपासता वापरली मी. बाईंनी पट्टी उचलली आणि मोजायच्या मशीनखाली नेऊन ठेवली. शंभराला एकशे दोन. दोनशेला दोनशे चार. टोकापर्यंत सगळीकडे तेच, कुठे तसूभर चूक नाही. हळूहळू अख्खा विभाग भोवती जमला. बाईंनी पट्टीच्या झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "अजून थंड न झालेल्या वस्तूचं माप. किती हुशार लोक होते हे."

त्याच आठवड्यात बोगद्यात पातं पुन्हा लावलं. यावेळी मशीनने, दोनशे चव्वेचाळीस पूर्णांक आठवर. मी काचेबाहेर होते, मला आत घेतलं नाही. आकडा चढला, थेट मार्चमधल्या जागी जाऊन बसला. पंखेवाल्यांनी पंखा थांबवला, बाहेर आले आणि दोन कपांत चहा ओतला. एक माझ्यापुढे सरकवला. त्यांची नोकरी राहिली.

माझी नाही. बाईंनी बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं, "चूक सगळ्यांची होते. पण माप न तपासता कागदावर आकडा लिहिणारीला मी मॉडेल-शॉपमध्ये कायम करू शकत नाही. आणि खरं सांगणारीला हाकलूही शकत नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, शर्यतींचा मोसम संपेपर्यंत मैदानावर जा, गाडीवर ती हिरवी पूड मारायला माणूस लागतो. सगळ्यात खालचं काम आहे हे. दिवसभर पिचकारी आणि चिंध्या. मोसमानंतरचं काही सांगत नाहीत. मी खोलीवर येऊन खूप रडले. अजूनही मॉडेल-शॉपच्या दारावरून जाताना मान वळवते.

आता खरं पत्र लिहिते.

परवा सरावाचा दिवस होता. सकाळी धुकं होतं. मग ते उठलं, पण हवा ओलीच राहिली, कुंपणाच्या जाळीवर थेंब लटकत होते. नवं पातं पहिल्यांदाच गाडीवर होतं, चारशे आठवर. माझी पूड मारून झाली होती, म्हणून मी लांबच्या वळणाच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. तिथे गाडी पूर्ण वेगात येते. आवाज आधी येतो, तो कानात नाही, छातीत ऐकू येतो.

गाडी आली आणि मला तो दिसला. ओल्या हवेत दाब एकदम उतरला की तिथलं बाष्प पांढरं होतं, हे मी वाचलं होतं. पण हे! पात्याच्या टोकातून एक पांढरा दोरा निघत होता. बोटाएवढा जाड, गच्च पिळलेला, गाडीच्या कडेला लागून मागच्या चाकापर्यंत. क्षणभर. गाडी गेली. मला वाटलं डोळ्यांचा भास असेल. दीड मिनिटाने ती परत आली आणि दोरा तिथेच, त्याच जागेवरून, तसाच. ताशी अडीचशेच्या वर वेग, खाली रस्त्याचे हादरे, आणि तो दोरा हातात धरून ठेवल्यासारखा स्थिर! पुढच्या पंखातूनही दोन निघत होते. ते वळत वळत बरोबर चाकांना चुकवून बाहेर जात होते, जसे बाईंनी कागदावर काढले होते तसे. ज्या हवेसाठी आम्ही एवढे महिने आंधळ्यांसारखे चाचपडत होतो ती उघड्यावर येऊन दाखवत होती की हो, मी अशीच जाते.

सतरा फेऱ्या पाहिल्या. शेजारचे लोक घड्याळाकडे बघत होते. मी ओरडत होते की काय मला ठाऊक नाही, कारण एका अनोळखी बाईने मला विचारलं, "तुमचं कुणी आहे का त्या गाडीत?"

मी हो म्हणाले.

तुझी
भुसाबाई


६ जून

भुसाबाई,

"हुशार लोक होते" म्हणजे काय? तुझ्या बाईंना सांग, अजून आहे मी.

नोकरीचं वाईट झालं. ते मी गोड करून सांगणार नाही. तू कायम व्हावीस असं तुझ्याइतकंच मला वाटत होतं आणि ते माझ्या हातून मोडलं. तू माझं नाव पुढे केलं नाहीस, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि अंगणात दोन चकरा मारून आलो. बाईंचंही चुकलं नाही. मी उस्ताद असतो तर हेच केलं असतं, आणि घरी येऊन तुझ्याइतकाच रडलो असतो.

तो दोरा मात्र मी मामीला तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा तिनेच मागितलं.

तुला एक सांगतो, कधी कुणाला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं मी लाकडात पंपांची पोटं कोरली. पाणी आत शिरेल, इथे वळेल, इथे दाबलं जाईल, इथून जोरात बाहेर पडेल, असं मनात धरून गोलाई घासायचो. मग माझं लाकूड वाळूत दाबायचे, काढून घ्यायचे आणि फडताळावर ठेवून द्यायचे. ओतलेला पंप गाडीत चढून निघून जायचा. कुठे, ते आम्हाला सांगत नसत. भुसाबाई, मी केलेली एकही वस्तू मी चालताना पाहिलेली नाही. पाणी आत खरंच माझ्या मनासारखं वळलं का, हे मला आजतागायत ठाऊक नाही. वळलं असेल असं धरून मी निवृत्त झालो.

तू पाहिलंस. स्वतःच्या हाताने लावलेल्या तुकड्यामागे, उघड्या डोळ्यांनी, सतरा वेळा.

मी येतोय. मामीही येते म्हणते. ओला दिवस कधी उजाडेल हे कुणी सांगू शकत नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून पंधरा दिवसांच्या बेताने कपडे भरलेत. तू फक्त कुंपणापाशी कुठे उभं राहायचं ते दाखव.

मामा